सुरी आधी आपल्या बोटावर

शेख महंमदांना जाऊन साडेतीन शतकं उलटली, तरी आमच्या श्रीगोंद्यात त्यांच्यावरून आजही माणसं हमरीतुमरीवर येतात. कुणी म्हणेल, लेखकाच्या वाट्याला याहून मोठी आठवण ती काय यायची! मला तसं वाटत नाही. भांडणाऱ्यांतल्या बहुतेकांनी त्यांची ओवी वाचलेली नसते. मग भांडण त्यांच्यावरून होतं खरं, पण त्यात ते कुठेच नसतात. गेलेल्या माणसावरून जिवंत माणसांनी भांडायचंच असेल, तर ते कसं भांडावं, हा प्रश्न मला धार्मिकच वाटतो. स्मरण हीसुद्धा एक उपासना आहे, आणि उपासनेला काही आचार लागतो.

गावात माझं डीटीपीचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, लिंबाच्या आडतीची पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे बोर्ड, सगळं माझ्या हातून जातं. शेख महंमदबाबांच्या नावाचा मजकूर आला की गिऱ्हाईक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतं आणि प्रूफ स्क्रीनवरच तपासतं. एकाला कळस हवा, एकाला घुमट. एकाला ‘महाराज’ हवं, एकाला ‘बाबा’. एकाला पाठीमागे भगवा रंग, एकाला हिरवा. मजकुराच्या चार ओळी मात्र दोघांच्या सारख्याच असतात, आणि त्या चार ओळींत त्यांनी काय लिहिलं याचा उल्लेख नसतो.

काय लिहिलं त्यांनी? ‘योगसंग्राम’, अठरा प्रसंगांचा ओवीबद्ध ग्रंथ, शके 1567 म्हणजे 1645 चा. तेव्हा देहूत तुकोबा हयात होते. शिवाय ‘पवनविजय’, ‘निष्कलंकप्रबोध’ आणि पुष्कळ अभंग. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी 1959 मध्ये ‘योगसंग्राम’ आणि 1961 मध्ये कवितासंग्रह छापून काढला नसता, तर यातलं पुष्कळ बाडांतच राहिलं असतं. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी त्यांना गुरू मानून आमच्या गावात, तेव्हाच्या चांभारगोंद्यात, मठ बांधून दिला असं परंपरा सांगते. गुरू चांद बोधले, कादरी परंपरेतले सूफी, दौलताबादचे. शिष्य मात्र मराठीत ओवी लिहितो, आपला जन्म कुठला ते लपवत नाही आणि गोविंदाचं नावही सोडत नाही. एकाच माणसात हे दोन्ही कसं मावलं, याचं उत्तर त्यांनी सोपं करून दिलेलं नाही. अठरा प्रसंग वाचावे लागतात.

2025 मध्ये बाबांच्या समाधीच्या जागेचा जीर्णोद्धार आणि वक्फची नोंद यांवरून गावात वाद पेटला. आंदोलन झालं, बंद झाला. त्या जागेच्या मालकीबद्दल मी इथे लिहिणार नाही. तो कागदपत्रांचा विषय आहे आणि कागदपत्रं बघणाऱ्यांनी तो सोडवावा. मी लिहिते आहे ते त्या दिवसांत फोनमध्ये जे चाललं होतं त्याबद्दल. आमच्या माहेरच्या ग्रुपवर माझा भाचा, पुण्यात हिंजवडीला नोकरीला असलेला, दिवसाला पाच-सहा मेसेज टाकत होता. कुणीतरी लिहिलेले, कुणीतरी पुढे ढकललेले. त्यांत समोरच्यांना जी विशेषणं होती ती मी माझ्या दुकानात कंपोज करणार नाही. मी विरोध केला तेव्हा त्याने विचारलं, “आत्या, तू कुणाच्या बाजूनं आहेस ते आधी सांग.”

मी लिहिलं, “तू तुझी बाजू आधी नीट मांड. मग सांगते.”

शेख महंमदांची एक गोष्ट आमच्याकडे कीर्तनातून सांगतात. त्यांच्यापुढे बकरं कापायला आणलेलं. सुरी चालवण्याआधी त्यांनी ती स्वतःच्या बोटावर ओढून बघितली. रक्त आलं, कळ मस्तकात गेली, आणि सुरी खाली ठेवली. ही गोष्ट घडली की नाही, हे मला ठाऊक नाही आणि त्याने फारसं बिघडत नाही. दयेची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. मला ती ज्ञानाची गोष्ट वाटते. समोरच्याला किती लागेल हे कळायला दुसरा मार्गच नाही. धार आपल्या अंगावर बघावी लागते.

याचा अर्थ गोड बोलावं, असा कुणी घेईल. ‘सगळे धर्म एकच, बाबा सगळ्यांचे, वाद कशाला’ असं म्हणून विषय मिटवणारी पुष्कळ भली माणसं गावात आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण मत पटत नाही. शेख महंमद तसं बोलणारे नव्हते. ढोंगी गुरूंवर, पोट भरण्यासाठी वेष घेणाऱ्यांवर, अर्थ न कळता ग्रंथ घोकणाऱ्यांवर त्यांनी कठोर लिहिलं आहे आणि त्यात पंडित-मुल्ला असा भेद केलेला नाही. त्यांच्याआधी पैठणला एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघे एकमेकांच्या देवांची, पुराणांची, उपासनेची अक्षरशः झडती घेतात. कुणी कुणाला सवलत देत नाही. शेवटी आलिंगन होतं, पण ते सगळं बोलून झाल्यावर. बोलणं टाळून मिळालेलं ते आलिंगन नव्हे. जुन्या न्यायशास्त्राने ‘वाद’ ही सत्य शोधण्याची रीत मानली आणि नुसतं जिंकण्यासाठी केलेला जल्प किंवा स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची मोडत राहणारी वितंडा यांना वेगळं काढलं. फोनवर दिवसभर चालते ती बहुतेक वितंडा. तिथे स्वतःची बाजू कुणी मांडतच नाही.

तर बोटावर सुरी ओढायची म्हणजे काय करायचं? मी ‘योगसंग्राम’ उघडला तेव्हा मला लागलेली जागा सांगते. नवसाला जीव कापणाऱ्या, देवाच्या नावाने रक्त सांडणाऱ्या दैवतपूजेवर त्यांनी कोरडे ओढले आहेत. माझ्या माहेरी जत्रेला बोकड कापतात. भावाच्या लग्नाआधी बोललेल्या नवसाचा, भाच्याच्या जन्माचा, विहिरीला पाणी लागल्याचा. मी माळकरी आहे, मी ते खात नाही, पण त्या दिवशी चुलीपाशी मीच भाकरी थापते आणि पंगत उठेपर्यंत वाढते. बाबांच्या नावाने बोर्ड लावणारी आमच्यातली कितीतरी घरं तशीच आहेत. आमचा संत म्हणून आम्ही ज्यांना मिरवतो, त्यांनी आमच्या अंगणातच बोट ठेवलं आहे. ही जागा वाचल्यावर दुसऱ्याच्या घरच्या चालीरीतीवर चवताळून लिहायला माझा हात तेवढ्या जोरात चालत नाही.

मी ती जागा भाच्याला वाचून दाखवली, फोनवर, आवाजात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे कुणी कीर्तनात का सांगत नाही गं?” मला वाटतं, आमच्या त्या सगळ्या बोलण्यातला हा सगळ्यांत खरा प्रश्न होता.

त्यानंतर त्याने बाजू मांडली आणि ती चांगली मांडली. बाबांचं लेखन मराठी, छंद ओवीचा, दैवत विठ्ठल-गोविंद. मठ मालोजीराजांचा. यात्रा गाव भरवतो, वर्गणी गाव काढतो, पालखीला खांदा गाव देतो. अशा ठिकाणाबद्दल गावाला न विचारता निर्णय होणार असेल तर गावाने गप्प का बसावं? मी त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत चार ओळींत लिहून त्यालाच परत पाठवलं आणि विचारलं, हेच ना? तो म्हणाला, हेच, पण त्यात राग आला नाही. मी म्हटलं, राग तुझ्याजवळ ठेव, मुद्दा मी घेतला. मुद्दा मला बराचसा मान्य आहे.

मग मी त्याला म्हटलं, आता समोरच्यांचं म्हणणं असंच लिही, त्यांतल्या कुणी वाचलं तर ‘हो, हेच’ म्हणेल असं. त्याला वेळ लागला. रात्री उशिरा आलं. नाव मुसलमान, गुरू कादरी, समाधीची घडण त्या रीतीची, पिढ्यान्‌पिढ्या दिवा लावणारं घराणं. या लोकांना एका सकाळी कुणी ‘तुमचा काय संबंध’ असं विचारलं, तर त्यांना काय वाटेल? हे त्याचंच वाक्य. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

मत त्याने बदललं का? नाही. मीही बदललं नाही. त्याला वाटतं की जागेचा प्रश्न आणि बाबा कोण होते हा प्रश्न एकच आहे. माझ्या मते ते निराळे आहेत. जमिनीच्या उताऱ्यावर एक नाव लागतं, लागावंच लागतं. नाहीतर भिंत कुणी बांधायची आणि दिव्याचं तेल कुणी आणायचं? ओवीचं तसं नाही. तिच्यावर कुणाचं नाव लागलं म्हणजे दुसऱ्याला वाचायला बंदी होत नाही. उताऱ्याचं भांडण ओवीच्या भाषेत लढलं की दोन्ही नासतात, आणि त्या काळात माझ्या डोळ्यांसमोर तेच होत होतं.

हल्ली आमचा वाद वेगळ्याच ठिकाणी अडला आहे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी. त्यांना प्रत्यक्ष दत्तात्रेयांनी अनुग्रह दिला अशी श्रद्धा. रा. चिं. ढेऱ्यांनी मांडलं की जनार्दनस्वामींचे गुरू हेच चांद बोधले. म्हणजे पैठणचे नाथ आणि आमचे शेख महंमद एकाच गुरुघरातले. ढेरे 2016 मध्ये गेले. ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहिणारा हा माणूस आयुष्यभर देवांच्या आणि संतांच्या मुळांपर्यंत जात राहिला, आणि ज्यांच्या श्रद्धेला त्याने धक्का दिला त्यांच्याविषयी त्याच्या लेखणीत मला कुठे तुच्छता सापडली नाही. मला ढेऱ्यांचं म्हणणं पटतं. भाच्याला पटत नाही. तो म्हणतो, गुरुपरंपरेच्या याद्या मागाहून लिहिल्या जातात आणि लिहिणाऱ्याच्या सोयीने लिहिल्या जातात. त्यांच्यावर एवढा भार टाकू नये. आणि मग, मी काही बोलायच्या आत, त्याच मेसेजखाली त्याने पुढची ओळ टाकली: हे दत्ताच्या यादीलाही तेवढंच लागू आहे, आत्या.

मी अजून ढेऱ्यांच्या बाजूनं आहे. त्याला पुस्तकातली पानं पाठवली आहेत.