सामाईक ठोका

कॉम्प्युटरला त्याच्या ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवणं धर्माला धरून आहे का, असा प्रश्न आमच्या रोहणा गावात कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "भाऊ, वाढवून पा न, काय होते?" माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पीकविम्याचे अर्ज, सातबाराचे प्रिंट, आणि मधल्या वेळात पोट्ट्यांचे गेम. 'काय होते' याचं उत्तर द्यायला स्क्रूड्रायव्हर पुरत नाही, म्हणून हे लिहितो.

ओव्हरक्लॉकिंगची सगळ्यात गाजलेली गोष्ट १९९८ची. इंटेलचा सेलेरॉन ३००ए. चिपवर छापलेला वेग ३०० मेगाहर्ट्झ, म्हणजे बोर्डाचा ठोका ६६ आणि त्याचा साडेचार पट गुणक. गुणक कंपनीने कुलूपबंद केलेला, पण बोर्डाचा ठोका १०० केला की तीच चिप ४५० वर पळायची, आणि बऱ्याच चिपा बिनतक्रार पळायच्या. स्वस्त चिप महागड्या पेंटियमच्या पंगतीला जाऊन बसली.

त्याच बोर्डावर काही जण ८३चा ठोका लावायचे. हिशेबाने चिप ३७५ वर, म्हणजे ४५० पेक्षा कमीच. तरीही गोंधळ इथेच व्हायचा. ४४० बीएक्स चिपसेटमध्ये १०० च्या ठोक्याला भाजक असतो: पीसीआय बसला तिसरा हिस्सा, म्हणजे ३३, ग्राफिक्स कार्डाच्या एजीपीला दोन तृतीयांश, म्हणजे ६६. दोघंही आपापल्या नेमात. ८३ ला मात्र पीसीआय निम्म्यावर, म्हणजे साडेएकेचाळीसवर जाते आणि एजीपी थेट ८३ वर. ३३ च्या करारावर बसलेले साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड, हार्डडिस्कचा कंट्रोलर, सगळ्यांना न विचारता पळावं लागतं. साउंड कार्ड निदान खरखर तरी करतं. हार्डडिस्क काही बोलत नाही. फाइल सेव्ह होते, मशीन चालू राहतं, आणि कधीतरी स्कॅनडिस्कचा निळा पडदा येऊन हरवलेल्या क्लस्टरांची यादी वाचू लागतो. श्रीलिपीत टाइप केलेला अर्ज उघडावा तर पहिला परिच्छेद ठीक आणि खाली नुसते चौकोन.

एवढं करून गेममध्ये पडतं काय? जवळजवळ काही नाही. एजीपी २एक्स सेकंदाला ५३३ मेगाबाइट वाहते. ठोका ६६ वरून ८९ वर नेला (बीएक्स बोर्ड १३३ वर चालवला की तसं होतं) तर ७११. ऐकायला तिसऱ्या हिश्शाची वाढ. पण त्या काळच्या टीएनटी२ कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २४०० मेगाबाइट हलवते. भिंतीचे, दगडांचे पोत एकदा कार्डाच्या मेमरीत गेले की बसवरून फक्त त्रिकोणांचे आकडे आणि हुकूम जातात. अडतं ते कार्डाच्या गाभ्यात आणि त्याच्या मेमरीत. रस्ता रुंद केला आणि गिरणी तेवढीच ठेवली, असा हा व्यवहार. क्वेक ३ या गेमची वेगचाचणी (टाइमडेमो) लावा, एखाददुसरी फ्रेम वाढलेली दिसेल. पोत कार्डाच्या मेमरीत मावेनासे झाले तरच बसच्या वेगाला किंमत येते.

आता मूळ प्रश्न. स्वधर्म सोडू नये, हे गीतेचं सांगणं आमच्या जिल्ह्यात घरोघर पोचलं ते विनोबांच्या 'गीताई'मुळे. मग ३०० च्या चिपने ३०० वरच राहावं का? मला हे पटत नाही. तो आकडा सिलिकॉनचा स्वभाव नव्हता, बाजाराने मारलेला शिक्का होता. आणि शिक्क्यालाच स्वभाव म्हणण्याचा खेळ या देशात माणसांशी किती शतकं चालला, ते इथून जवळच, नागपूरला १९५६ साली बाबासाहेबांनी आणि लाखोंनी जे केलं त्यावरून कळावं. स्वधर्माचा उपदेश करणाऱ्याने आधी सांगावं, लेबल कोणी लावलं. सेलेरॉनने ४५० वर पळावं, खुशाल पळावं.

अडचण चिपच्या वेगाची नाही, ठोका कोणाचा याची आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाचा मुद्दा येतो: जाणत्याने स्वतः काम करावं, पण बाकीच्यांची घडी विस्कटू नये. मी तो फार दिवस भित्र्यांचा सल्ला समजायचो. भाजकाकडे पाहिलं की तो वेगळा दिसतो. ४५० ची चिप कोणाला थांबवत नाही आणि कोणाला फरफटवतही नाही, कारण मध्ये कोणीतरी भागाकार करून ठेवला आहे. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वेवर टीका करताना चांगुलपणाची चाल मंद असते अशा अर्थाचं लिहिलं. (लिहिणारा पुढे देशभर रेल्वेनेच फिरला, हेही खरं.) मला त्यातला वेगाचा राग पटत नाही. पण आपल्या घाईचं भाडं दुसरा भरतोय का, हे विचारणं मात्र पटतं.

मंद सोबत्यांसाठी सगळ्यांनी कायम ३३ वर थांबावं, असंही नाही. पुढे पीसीआय एक्सप्रेस आली आणि प्रत्येक कार्डाला स्वतंत्र वाट मिळाली. तरी तिचाही १०० मेगाहर्ट्झचा संदर्भ-ठोका उरलाच. २००६ साली एनव्हिडियाने लिंकबूस्ट नावाने तो आपोआप १२५ करण्याची सोय आणली आणि लवकरच गुंडाळली. फायदा नगण्य होता.

आमच्या दुकानात आजही नेम तोच. कार्डाचा गाभा वाढवून देतो, त्याची मेमरी वाढवून देतो, बसचा ठोका १०० वर कुलूपबंद. परवा एक पोट्टा हटूनच बसला. म्हणे, "काका, मशीन माहं, डिस्क माही, बिघडली तं माहीच बिघडंन न?"

मी त्याच्यासमोर त्याचीच डिस्क उघडली. गेमच्या फोल्डरशेजारी बहिणीचे स्कॉलरशिपचे कागद, बापाच्या पीकविम्याच्या पावत्या, आणि आजीचा एकुलता एक स्कॅन केलेला फोटो.

"हे बी तुहंच का?" म्हटलं.

तो थोडा वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला. मग पेनड्राइव्ह केवढ्याला, म्हणून विचारलं.