खड्डा कोणीं खणला?

शास्त्रपाठ : मत्तय २५ : १४–३०



परदेशीं जाणाऱ्या धन्याचा व त्याच्या तीन दासांचा दृष्टांत आपणांपैकीं बहुतेकांस तोंडपाठ आहे. धन्यानें एकास पांच, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक असे तालांत सोंपून दिले. पहिल्या दोघांनीं व्यापार करून त्यांचे दुप्पट केले. तिसऱ्यानें मात्र जमिनींत खड्डा खणून आपल्या वांट्याचें द्रव्य पुरून ठेविलें.

तालांत हें मूळचें वजनाचें नांव. एक तालांत म्हणजे सुमारें सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. रोज काम मिळालें तरी एका तालांताइतकी कमाई होण्यास मजुराला जवळजवळ वीस वर्षें लागत. तेव्हां ज्या दासास एकच तालांत मिळाला तो कांहीं कंगाल नव्हता. बरें, त्यानें चोरीही केली नाहीं व द्रव्य उधळलेंही नाहीं. आपल्याकडील जुनीं माणसें पैशांचा हंडा चुलीखालीं पुरून ठेवीत, तसें त्यानें तें जपलें आणि जसेंच्या तसें परत केलें. तरीही धन्यानें त्याला दोष लाविला. कां? कारण धन्यानें द्रव्य दिलें होतें तें जपण्यासाठीं नव्हे, तर कामास लावण्यासाठीं. भयानें त्या दासाचा हात आंखडला, आणि हात आंखडला म्हणजे देणगी असून नसल्यासारखी होते.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत हें भय फार आहे. “मी अडाणी, मला काय येतें?” असें आपण म्हणतों, आणि त्यास नम्रता हें गोड नांव देतों. ह्या बाबतींत आपल्या रोमन कॅथलिक बंधूंच्या इतिहासांतील एक उदाहरण आज आपणांपुढें ठेवितों. चांगलें बीं कोणाच्याही शेतांतलें असो, शहाणा शेतकरी तें मागून आणतो.

थॉमस स्टीफन्स नांवाचे एक इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आले, व १६१९ सालीं मरण येईपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, त्याच प्रांतीं राहिले. त्यांच्या सेवेचा मोठा भाग साष्टी महालांत गेला. भाषा शिकण्याची शक्ति हा देवानें त्यांस दिलेला तालांत होता. त्या काळीं नव्या ख्रिस्ती लोकांस जुनीं पुराणें वाचण्याची मनाई असे, आणि त्यांच्या जागीं स्वभाषेंत वाचावयास कांहींच नव्हतें. पाद्रीसाहेबांनीं आपल्या ग्रंथाच्या आरंभीं असें सांगितलें आहे कीं, एके रविवारीं धर्मशिक्षण चाललें असतां एका ब्राह्मण ख्रिस्ती मनुष्यानें त्यांस विनंती केली : हें शिक्षण चांगलें आहे, परंतु आमच्या भाषेंत एखादें पुराण असेल तर आमच्या मनाची इच्छा पुरेल. त्या विनंतीचें फळ म्हणजे १६१६ सालीं राशोल येथें छापलेलें ‘क्रिस्तपुराण’ होय. तें मराठी ओवीछंदांत आहे, आणि त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. नागरी टाइप मिळावे अशी त्यांची फार इच्छा होती, पण ते मिळाले नाहींत, म्हणून ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. साधन अपुरें म्हणून त्यांनीं काम टाकिलें नाहीं. पुढें तीं पुराणें देवळांत मोठ्यानें वाचलीं जात, आणि ज्यांस अक्षर येत नव्हतें तेही ऐकून तृप्त होत.

येथें एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. स्टीफन्ससाहेबांचा तालांत मोठा होता खरा, परंतु तो ह्या कामास लागला तो कोणी मागितल्यामुळें. त्या अनाम मनुष्यानें काव्य रचिलें नाहीं. त्यानें केवळ आपल्या लोकांची भूक ओळखली व ती बोलून दाखविली. हीसुद्धां देवाची देणगीच होय. आणि मंडळींत ज्यांनीं ओव्या वाचिल्या, त्यांच्या वाणीवांचून तो ग्रंथ मुकाच राहिला असता.

कॅथलिक लोक आपल्या मंडळीस ‘धर्मग्राम’ म्हणतात. पूर्वीं तेथील मिस्सा लॅटिन भाषेंत होत असे. १९६२ ते १९६५ ह्या वर्षांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकांच्या भाषेंत होऊं लागली, आणि धर्मग्रामाचें काम एकट्या फादरांचें नाहीं, तें सर्व बाप्तिस्मा घेतलेल्यांचें आहे, हें तत्त्व जोरानें मांडण्यांत आलें. आज वसईकडील धर्मग्रामांत सामान्य स्त्रीपुरुष मराठींत शास्त्रपाठ वाचतात, गायन चालवितात, मुलांस धर्मशिक्षण देतात. हीं माणसें काल परवां जन्मास आलीं काय? त्यांच्या आजाआजींसही कंठ होता, पण त्यास वाव थोडा होता.

आतां दुसऱ्यांचें सांगून झालें. माझें स्वतःचें सांगतों. मी तरुणपणीं एका खेड्यांतील मंडळीची सेवा करीत होतों. तेथें एक वृद्ध बंधु होते. बाप्तिस्म्यापूर्वीं ते ढोलकी वाजवीत, व त्यांचा हात फार चांगला असे लोक म्हणत. मी हार्मोनियम वाजवीत असें. ढोलकीला तमाशाचा वास येतो, देवाच्या घरांत ती शोभणार नाहीं, असें मला वाटे. म्हणून मी त्यांस कधीं बोलाविलें नाहीं. त्यांनींही कधीं तोंड उघडलें नाहीं. ते वारले तेव्हां दफनविधि आटोपल्यावर त्यांचा नातू ती ढोलकी घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला, “पाळकसाहेब, आजोबा दर शनिवारीं रात्रीं हिच्या दोऱ्या आवळून ठेवीत. म्हणत, उद्यां बोलावतील बहुतेक.”

बंधुभगिनींनो, त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. हा दृष्टांत मी कितीदां सांगितला होता! आणि प्रत्येक वेळीं, खड्डा खणणारा तो श्रोत्यांपैकीं कोणी तरी आहे असें समजून बोललों होतों. त्या म्हाताऱ्यानें आपला तालांत पुरला नव्हता. तो दर आठवड्यास घासून पुसून तयार ठेवीत होता. खड्डा मीं खणला, आणि दुसऱ्याचा तालांत मीं पुरला. एका परदेशी पाद्र्यानें साष्टींत आमची ओवी प्रभूच्या चरणीं आणिली, आणि मी ह्या मातींत जन्मलेला असून ढोलकीस दाराबाहेर ठेविलें.

म्हणून उपदेशक व पाळक बंधूंनो, प्रथम तुम्हांस विनंती. वाचन आम्हीच करावें, प्रार्थना आम्हीच करावी, हिशेब आम्हीच ठेवावा, ह्या संवयीनें मंडळी मुकी होते. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीस शिकवितो कीं शरीर एका अवयवाचें होत नाहीं. येत्या रविवारीं आपल्या मंडळींतील एका तरी मनुष्याजवळ जा, ज्यास आजवर कोणीं कांहीं सांगितलें नाहीं, आणि म्हणा, “दादा, तुमची गरज आहे.” सुतार असेल तर बांक नीट करील, सुईण असेल तर बाळंतिणींच्या घरीं प्रार्थनेस दार उघडून देईल, ज्यास वाचतां येत नाहीं पण गांवांतील प्रत्येक घरचें दुःख ठाऊक आहे, तो तुम्हांस आजाऱ्यांकडे घेऊन जाईल.

आणि मंडळींतील प्रिय जनहो, तुम्हांसही एक शब्द. कोणी बोलावील म्हणून वाट पाहत बसूं नका. बोलावणारा माझ्यासारखा आंधळा असूं शकतो. तुम्हींच पुढें होऊन सांगा कीं हें मला येतें, हें प्रभूचें आहे, हें घ्या. धनी हिशेब घेण्यास येईल तेव्हां पांच कीं एक हें तो विचारणार नाहीं. जें दिलें त्याचें काय केलें, एवढेंच विचारील.

हे प्रभो, आम्हीं पुरलेलें आम्हांस उकरावयास लाव, आणि दुसऱ्यांचें जें आम्हीं पुरलें, त्याची आम्हांस क्षमा कर. आमेन.