ऐकीव बातमीची शहानिशा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. ती अफवा मोबाइलवरून पसरली होती. अफवेवर विश्वास बसतो तो केवळ अज्ञानामुळे नव्हे. मनातल्या भीतीला ती चेहरा देते, आणि आपल्या माणसांकडून वारंवार ऐकले की खरी वाटू लागते. मुंब्रा-कल्याणच्या घराघरांत लसीविषयीच्या वावड्याही काळजीपोटीच पुढे जातात. सूरह हुजुरातची सहावी आयत फासिकाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्यास फर्मावते. अन्यथा अजाणता कुणाला इजा होते आणि हाती पश्चात्ताप उरतो. तुम्ही म्हणाल, “बातमी तर मामूंनी पाठवली, ते विश्वासू आहेत.” मान्य, पण मामूंना ती कुणी दिली? नेक नियत शहानिशेची जागा घेऊ शकत नाही.