पंच कुठल्या गल्लीचे?

माणूस प्रतिष्ठित आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार आपल्याकडे दोघांनाच. एक लग्न जमवणारे आणि दुसरे पोलीस. झडती घ्यायची तर त्याच वस्तीतले निदान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हवेत, असे कायदाच सांगतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणूनच गुलमंडीवर पोलिसांची गाडी थांबली, की टपरीवरची सगळी प्रतिष्ठा अर्धा चहा टाकून पांगते.

पण काय थाट असतो झडतीचा! ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याची माणसे इथून जवळच जालन्यात पोलाद कारखानदारांकडे गेली, ती चक्क वऱ्हाड होऊन. गाड्यांवर 'राहुल वेड्स अंजली'च्या चिठ्ठ्या! रोकड निघाली छप्पन्न कोटींच्या घरात. इतका आहेर कुठल्या वऱ्हाडाला मिळाला असेल?

आता वऱ्हाडाचीही गरज नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात अधिकाऱ्याला दार, पेटी, तिजोरी, कपाट यांची कुलपे फोडता येत. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या २०२५ च्या कायद्याने त्यांच्या पंगतीला ईमेल, समाजमाध्यमांवरची खाती आणि दूरच्या संगणकांवरचा, म्हणजे 'क्लाउड'मधला ऐवज आणून बसवला. पासवर्ड मिळाला नाही, तर तो डावलून आत शिरता येते. तक्रार कशी करणार? लबाडाने चोपड्या ढगात ठेवायच्या आणि सरकारने रिकामी कपाटे उचकायची, हा कुठला न्याय?

तरी मन खातेच. कपाटात फार तर माझे आणि बायकोचे असते. ढगात मेव्हण्याचे कर्जाचे रडगाणे असते, भाचीचा डॉक्टरी रिपोर्ट असतो. त्या बिचाऱ्यांवर कसलाच आरोप नाही. शिवाय कपाट उचकणाऱ्याचे हात दुखतात, त्याला भूक लागते. यंत्राला तेही नाही. आणि झडती बेकायदा ठरली तरी तेवढ्यावरून पुरावा बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात १९७३ सालीच सांगून ठेवले आहे. म्हणजे झडती चालू असताना कोणी बघणारा हवा, तो याच्यासाठीच.

पण ढगाची वस्ती कोणती? अमेरिकी सरकारने २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे वॉरंट धाडले, तर पत्रे निघाली डब्लिनमध्ये. वाद पार तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल लागण्याआधीच २०१८ मध्ये कायदा झाला, की कागद कुठेही असो, कंपनीच्या ताब्यात आहे ना, मग हजर करा. वस्तीचा प्रश्नच निकालात!

आपल्याकडे नव्या संहितेने झडतीचे चित्रीकरण सक्तीचे केले, हे उत्तमच. पण कॅमेऱ्यात दिसणार काय? पडद्याकडे टक लावून बसलेला एक साहेब. तो काय उघडतो हे कळायला पंचाने पडद्यात डोकावले पाहिजे. कपाटाच्या झडतीत पंचाला फार तर आमची जुनी पातळे दिसली असती. इथे समोरच्या वहिनींच्या गाण्याबद्दल मी भावाला काय लिहिले, ते तो वाचणार. आणि आमच्या गल्लीतला एकमेव स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी म्हणजे त्या वहिनींचे यजमान.

पूर्वीचे पंच न वाचताच सही ठोकतात, म्हणून वकील मंडळी त्यांना कोर्टात किती झोडपत!