रक्त खोटं, शिवी खरी

जांभळ्या केसांची ती मुलगी या आठवड्यात पुन्हा फोनोफोनी फिरली आणि पाठोपाठ ठरलेलं समर्थनही आलं: 'अहो, सिनेमा आहे! खोटं असतं सगळं.'

काय काय खोटं होतं? 'किक-ॲस'मधल्या हिट-गर्लच्या बंदुका खोट्या, रक्त खोटं. चिलखताची सवय व्हावी म्हणून बाप पोटच्या पोरीच्या छातीवर गोळी झाडतो, तीही खोटी. पण गुंडांच्या खोलीत शिरल्यावर ती जी गलिच्छ शिवी हासडते, ती खोटी कशी हासडणार? ती खऱ्या तोंडातूनच बाहेर पडली आणि २००८ साली चित्रीकरण सुरू झालं तेव्हा ते तोंड ११ वर्षांचं होतं. जितके टेक, तितक्यांदा शिवी. हिट-गर्ल साकारणाऱ्या क्लोई ग्रेस मोरेट्झने तेव्हाच मुलाखतीत सांगितलं होतं, की यातला एक शब्द जरी घरी उच्चारला तरी तिला वर्षानुवर्षं खोलीत डांबलं जाईल. जो शब्द स्वयंपाकघरात खरा, तो कॅमेऱ्यासमोर खोटा झाला कसा? दिव्यांच्या झोतात मुलाचं वय वाढतं का?

आईवडिलांची संमती होती म्हणे. असेल. सही करणारे हात मोठ्यांचेच असतात.

आणि त्या खोलीतल्या कत्तलीला साथ कसली, तर मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या गाण्याची! मुडद्यांवर आनंदी ठेका धरणाऱ्यांवर या स्तंभाचा जुना राग आहे आणि तो ओसरलेला नाही. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी या चित्रपटाला एकच तारा दिला आणि तो नैतिकदृष्ट्या निंद्य ठरवला, ते योग्यच झालं.

ब्रिटनमध्ये प्रमाणपत्र मिळालं '१५'चं. मार्च २०१० मध्ये चित्रपट लागला तेव्हा मोरेट्झ १३ वर्षांची. म्हणजे आपलंच काम तिकीट काढून पाहायला ती लहान होती. खुर्चीतल्या मुलाला जपणारं मंडळ आहे. हॉलिवूडच्या कॅलिफोर्नियात तर १९३९ पासून बालकलाकाराची कमाई जपणारा कायदाही आहे. तिच्या तोंडी काय घालायचं, हे मात्र दिग्दर्शक मॅथ्यू व्हॉन आणि मंडळींवर सोपवलेलं.

मुलीने काम उत्तम केलं, यात वाद नाही. २०१७ च्या 'लोगन'मधली डॅफ्ने कीनही चित्रीकरणाच्या वेळी ११ वर्षांचीच होती आणि तीही माणसं मारते. नियमाप्रमाणे तिथेही नाक मुरडायला हवं, पण मुरडवत नाही. तिथल्या हत्या पाहताना वेदना होते आणि कुणी ठेका धरत नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हुकच्या शाळेत २० मुलं गोळ्यांना बळी पडली. 'किक-ॲस २'मध्ये काम केलेल्या जिम कॅरीने पुढच्या जूनमध्ये जाहीर केलं, की इतक्या हिंसेला त्याचं मन आता पाठिंबा देत नाही. लेखक मार्क मिलर यांनी उत्तर दिलं: ही तर काल्पनिक कथा. कॅरी तेव्हा ५१ वर्षांचा होता. काम घेणं आणि पुढे त्याच्यापासून दूर होणं, दोन्ही त्याच्या हातात होतं.