विश्वासाचा वारसा

पत्नीनें पतीच्या नांवें करून दिलेलें मुखत्यारपत्र पतीच्या निधनानंतर मुलाकडे येतें काय? हा प्रश्न बहुतेक घरांतून विचारलाच जात नाहीं. वडिलांचें घर, शेत, ठेवी वारसांकडे आल्या. तेव्हां आईच्या वतीनें सही करण्याचा अधिकारहि त्यांबरोबर आला, असें मुलगा प्रामाणिकपणें समजून चालतो.

सन १८७२ च्या भारतीय करार कायद्याचें उत्तर निराळें आहे. कलम २०१ अन्वयें मुखत्याराच्या मृत्यूबरोबर मुखत्यारी संपते. कलम १९० प्रमाणें, स्वतः करण्याचें पत्करलेलें काम तो जिवंतपणींहि सामान्यतः दुसऱ्यावर सोंपवूं शकत नाहीं. मग वारशानें तें कोठून देणार?

कित्येकांस यांत कायद्याचा कोरडेपणा दिसेल. आम्हांस त्यांत नीतीचा विचार दिसतो. मालमत्ता ही वस्तु आहे. ती हस्तांतरित होते. विश्वास हा दोन माणसांमधील संबंध आहे. त्यांतील एक गेला कीं तो संपला. पत्नीनें अधिकार दिला तो कुटुंबास नव्हे, एका माणसास. आणि देतांनाहि तिचा स्वतःचा हक्क तिच्यापाशीं राहिलाच होता. वैधव्य येतांच आपल्या समाजानें स्त्रीचे पुष्कळ हक्क हिरावून घेतले. येथें मात्र कायदा म्हणतो कीं, तिला पुन्हां विचारा. विचारणें म्हणजे तिच्या नकारासहि जागा ठेवणें होय.

परंतु विचारण्याजोगी तिची समजच उरली नसेल तर? खरी अडचण येथें आहे. नवें मुखत्यारपत्र करण्यास बुद्धि शाबूत हवी. आणि देणाऱ्याचें चित्त भ्रमिष्ट झालें म्हणजे त्याच कलमानें जुनेंहि संपतें. मग न्यायालयाची पायरी चढावी लागते. इंग्लंडांत सन २००५ च्या कायद्यानें पर्यायी मुखत्यार आधींच नेमतां येतो, व देणाऱ्याची समज गेल्यावरहि तो अधिकार टिकतो. आपल्या कायद्यांत मालमत्तेच्या व्यवहारांसाठीं तशी सर्वसाधारण सोय नाहीं.

म्हणून पतिनिधनानंतर हा विषय काढणें अशुभ किंवा लोभाचें लक्षण मानूं नये. आई सावध आहे तोंवर तिजपाशीं बसावें, कागद वाचून दाखवावा, आणि ती कोणाचें नांव घेते तें ऐकावें. तें नांव आपलें नसेल, तर तेंहि मान्य करावें. ‘आई आमचीच, तिला काय विचारावयाचें?’ असें म्हणून केलेली सही तिच्या हिताची असूं शकेल. परंतु ती तिची नव्हे.