महानदीपलीकडचे देव

मननासाठी : यहोशवा २४:१-१५, उत्पत्ती ८:२० ते ९:१, स्तोत्र ५०:७-१५

शखेम येथे यहोशवाने इस्राएलाची सर्व गोत्रे जमविली तेव्हा तो वृद्ध झाला होता. देश हाती आला होता, वतनांची वाटणी झाली होती. अशा प्रसंगी वडीलधारा माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे घराण्याचा मोठेपणा सांगतो. यहोशवाने मात्र आरंभीच सांगितले की, तुमचा पूर्वज तेरह, म्हणजे अब्राहामाचा बाप, हा महानदीच्या पलीकडे राहून अन्य देवांची सेवा करीत होता. ज्या लोकांना निवडलेले लोक म्हणून उभे केले, त्यांच्या तोंडावर ही गोष्ट सांगावयास धैर्य लागते.

आमच्या पुष्कळ संडेस्कूलांत अब्राहामाचा धडा उत्पत्तीच्या १२ व्या अध्यायापासून सुरू होतो. देव म्हणाला, अब्राहाम निघाला. तो कोठून निघाला हे सांगावयास वेळ उरत नाही. आणि मुलांच्या मनात एखाद्या ओसाड माळावरचा, तंबूत जन्मलेला मेंढपाळ उभा राहतो. वस्तुतः ऊर हे तटबंदीचे, व्यापाराने गजबजलेले शहर होते. आज इराकच्या दक्षिण भागात, नासिरिया शहराजवळ, तेल अल-मुकय्यर नावाचे जे टेकाड आहे तेथे लेनर्ड वूली याने १९२२ ते १९३४ अशी बारा वर्षे उत्खनन केले. वूली हा पाळकाचा मुलगा होता, म्हणून उत्पत्तीचे पुस्तक त्याला चांगले परिचयाचे होते. अब्राहामाचे ऊर ते हेच की उत्तरेकडचे दुसरे एखादे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्या वादात आपण शिरावयास नको, कारण तेरह पुढे ज्या हारानात येऊन राहिला तेथेही त्याच देवाचे प्रसिद्ध मंदिर होते ज्याचे उरात होते. तो देव म्हणजे चंद्र. उरात त्याला नन्ना म्हणत, पुढे सिन म्हणू लागले.

त्या चंद्रदेवासाठी उर-नम्मू राजाने इ. स. पू. २१०० च्या सुमारास बांधलेला पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा अद्याप उभा आहे. वरचा भाग ढासळला, पण खालचा टप्पा साठ मीटरांहून अधिक लांब व चाळीस मीटरांहून अधिक रुंद आहे. आत कच्च्या विटा, बाहेर भाजलेल्या विटा, आणि त्या सांधण्यासाठी डांबर. उत्पत्ती ११:३ येथे बाबेलचे लोक दगडाऐवजी विटा व चुन्याऐवजी डांबर वापरतात असे लिहिले आहे. कनान देशात दगडाला तोटा नव्हता. तेव्हा ज्याने हे वचन लिहिले त्याला ही दूरची रीत नवलाची वाटली असावी, म्हणूनच त्याने ती मुद्दाम नोंदली. संडेस्कूलच्या शिक्षकांनी हे मुलांना अवश्य दाखवावे.

या मनोऱ्याहूनही सुमारे पाचशे वर्षे जुन्या कबरी वूलीला तेथे सापडल्या. त्यांतल्या सोळांना त्याने राजकबरी म्हटले. पुआबी नावाच्या राणीच्या मस्तकावरचे सोन्याच्या पानांचे अलंकार पाहून जग थक्क झाले. त्या कबरींत लाल अकीकाचे लांबट मणी होते, आणि ते सिंधू संस्कृतीच्या कारागिरांच्या हातचे आहेत असे आता मानतात. तसल्या अकीकाच्या प्रसिद्ध खाणी भरूचजवळ रतनपूर येथे आहेत, आणि खंबायतेत आजही अकीकाचे मणी घडवितात. बडोद्याच्या आमच्या वाचकांना हे सांगावयास नकोच. म्हणजे अब्राहामाच्या कितीतरी पिढ्या आधी आपल्या शेजारचा दगड त्या नगरात पोहोचला होता.

परंतु एका कबरीपाशी आम्ही थबकतो. तिच्यात चौऱ्याहत्तर माणसे पुरली होती, त्यांपैकी अडुसष्ट स्त्रिया. केसांत सोन्याच्या किंवा चांदीच्या फिती बांधून त्या ओळीने निजल्या होत्या. एकीची चांदीची फीत मात्र केसांत नव्हती. गुंडाळी केलेली तशीच कमरेपाशी सापडली. तिला यावयास उशीर झाला असेल आणि फीत बांधावयाची राहून गेली असेल, असे वूलीने अनुमान केले. या सर्वांनी आपखुशीने विष प्यायले असावे असेही त्याला वाटले होते. अलीकडच्या काळात त्या कबरींतील दोन कवट्या यंत्राने तपासल्या, तेव्हा त्यांवर हत्याराच्या प्रहाराच्या खुणा आढळल्या. धन्याच्या परलोकातील सुखसोयीसाठी चाकरांचे जीव घेतले गेले. चार हजार वर्षांहून जुन्या या गोष्टीने आजही मन कष्टी होते. ती फीत डोळ्यांपुढून जात नाही.

आता ज्या कारणाने हे सर्व लिहावयास घेतले त्याकडे वळतो. आमच्या परिचयाच्या एका मंडळीतील मुलगा, लहानपणी शास्त्रवचने धडाधडा म्हणणारा, महाविद्यालयात गेल्यावर एके दिवशी उपासनेनंतर आमच्याकडे आला. म्हणाला, “पाळकसाहेब, नोहाची गोष्ट बाबेलच्या लोकांकडून उचलली आहे असे पुस्तकात लिहिले आहे. हे खरे का?” आम्ही घाईत होतो, आणि खरे सांगावयाचे तर उत्तर आम्हांला नीट येत नव्हते. “असली पुस्तके वाचण्यापेक्षा प्रार्थनेत वेळ घालव,” असे म्हणून आम्ही त्याला वाटेला लावले. पुढे कित्येक महिने तो मंदिरात दिसला नाही. त्याच्या आईने विचारले तेव्हा आम्ही काळाला दोष दिला. दोष आमचा होता.

मग आम्ही वाचावयास बसलो. निनवे, ज्या नगरात योना गेला, तेथे राजा अश्शूरबानिपाल याने मातीच्या पाट्यांचा मोठा ग्रंथसंग्रह केला होता. मोसुलचा राहणारा, जातीचा त्या देशातलाच व धर्माने ख्रिस्ती, असा होर्मुझ्द रस्साम याने १८५३ साली त्या राजाचा वाडा खणला. पाट्यांचे तुकडे लंडनला गेले. तेथे जॉर्ज स्मिथ नावाचा तरुण, मूळचा नोटांचे ठसे कोरणारा कारागीर, फावल्या वेळी ती खिळ्यांसारखी लिपी शिकला होता. तुकडे जुळविता जुळविता त्याला महापुराची, डोंगराला टेकलेल्या तारवाची आणि सोडलेल्या पारव्याची हकिकत सापडली. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने ती लंडनच्या सभेत वाचली. खुद्द पंतप्रधान ग्लॅडस्टन ऐकावयास आले होते. हा स्मिथ पुढे १८७६ साली प्रवासात, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, अलेप्पो येथे वारला.

ती हकिकत गिल्गमेश या राजाच्या काव्यातील आहे, आणि तिच्याहून जुनी अशी अत्राहासिसाची कथा इ. स. पू. १७ व्या शतकातील पाट्यांवर मिळते. ही तारीख मोशेच्या आधीची आहे. म्हणून बाबेलच्या लोकांनी आमच्या शास्त्रावरून नक्कल केली, असे उलट उत्तर कोणी देऊ नये. ते टिकत नाही. तसेच वूलीला १९२९ साली उरात गाळाचा जाड थर सापडला, तोच नोहाचा जलप्रलय, असे अजूनही काही पुस्तिकांत छापतात. पुढे वेगवेगळ्या नगरांतले असे थर वेगवेगळ्या काळांचे ठरले. सत्याचा देव कच्च्या पुराव्यावर उभा नाही. मुलाला आज कच्चा पुरावा दिला तर उद्या तो पुराव्याबरोबर देवालाही टाकून देईल.

मग सत्य काय? सत्य तेच जे यहोशवाने शखेमात सांगितले. आमचे पूर्वज पलीकडचे होते. जी नदी त्यांच्या शेतांना पाणी देई तीच कधी घरे बुडवी, आणि त्या पुराची कथा तिकडे आजी नातवाला सांगत असेल. ती अब्राहामाच्या घराण्यातही सांगितली गेली असेल, यात आम्हांला धक्का बसण्यासारखे काही दिसत नाही. पाहावयाचे ते हे की, अब्राहामाला बोलाविणाऱ्या देवाची ओळख पटल्यावर तीच कथा त्याच्या लेकरांच्या तोंडी कशी झाली.

अत्राहासिसाच्या कथेत देवांना कष्ट नकोत म्हणून माणूस घडविला जातो. कालवे खणावे, देवांना अन्न पुरवावे, एवढ्यासाठी. माणसे वाढतात, गोंगाट होतो, एन्लिल देवाची झोपमोड होते, म्हणून महापूर. तो आल्यावर देव स्वतःच भ्याले, आणि बळी देणारा कोणी न उरल्याने उपाशी राहिले. शेवटी वाचलेल्या माणसाने यज्ञ केला तेव्हा माशांप्रमाणे त्याच्याभोवती जमले. उत्पत्तीतही नोहा वेदी बांधतो व परमेश्वराला सुवास पोहोचतो, पण तेथे भुकेचे नाव नाही. आपणास भूक लागली तरी माणसाला सांगणार नाही, कारण जग आपलेच आहे, असे ५० व्या स्तोत्रात परमेश्वर म्हणतो. ते आम्ही अनेकदा वाचले होते, पण कोणत्या देवांच्या शेजारी उभे राहून ते म्हटले आहे हे तेव्हा समजले. आणि जलप्रलयाचे कारण? उत्पत्ती ६ मध्ये जुलूम आहे, अधर्म आहे, आणि देवाच्या अंतःकरणाला झालेले दुःख आहे. झोपमोड नाही.

शेवट तर याहून निराळा. बाबेलच्या कथेत पुन्हा गर्दी होऊ नये म्हणून देव तोड काढतात : काही स्त्रिया वांझ राहतील, आणि एक पिशाच्चीण आईच्या मांडीवरून तान्ही मुले हिरावून नेईल. नोहाला मात्र आशीर्वाद मिळतो की, फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा. हे वाचताना आम्हांला दोन वर्षांपूर्वी पुरलेले एक तीन महिन्यांचे लेकरू आठवले. उरातल्या आईला अशा वेळी भटजी काय सांगत असेल? तुझे मूल देवांच्या सोयीसाठी गेले. आम्हांला त्या कबरीपाशी फारसे काही बोलता आले नाही, हे कबूल करतो; पण ते तरी बोलावे लागले नाही.

यावरून त्या लोकांना तुच्छ लेखावे असा आमचा भाव नाही. मित्र एन्किदू मेला तेव्हा गिल्गमेश त्याला पुरू देईना, आणि मग मरणावर औषध शोधीत पृथ्वीच्या टोकापर्यंत गेला. अखेर हाती आलेली तारुण्याची वनस्पती सापाने खाल्ली. चाचपडत शोधणाऱ्या राष्ट्रांविषयी पौल अथेनैत बोलला (प्रे. कृत्ये १७:२७), तीच ही माणसे. आमच्याही घराण्यांचे पूर्वज तीन-चार पिढ्यांमागे पलीकडेच होते, आणि आमचे कितीतरी सोयरे आजही आहेत. १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या बालपणीच्या घरातील देवधर्म लपविला नाही. आम्हीही आजी-आजोबांचा उल्लेख मान खाली घालून करू नये.

तो मुलगा सापडला. आम्ही त्याच्या घरी गेलो, प्रथम क्षमा मागितली, आणि मग दोन्ही कथा शेजारी ठेवून तीन संध्याकाळ वाचल्या. त्याचे सर्व प्रश्न सुटले नाहीत. पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये, असे अनुवाद २३:१५ सांगते, आणि हम्मुराबीच्या कायद्यात अशा दासाला आसरा देणाऱ्यास मरणाची शिक्षा आहे. हे त्याला आवडले. पण लगेच त्याने निर्गम २१:२१ काढून विचारले की, मग येथे दासाला धन्याचे धन का म्हटले आहे? आम्ही सांगितले की ते वचन आम्हांलाही जड जाते. तो हसला. आमच्या तोंडून असे काही ऐकण्याची त्याला सवय नव्हती.

दर रविवारी तो येतोच असे नाही. परंतु नाताळापूर्वी आम्ही लूककृत शुभवर्तमानाच्या ३ ऱ्या अध्यायातील प्रभूची वंशावळी वाचीत होतो. ती नावांची लांबलचक यादी लोक कंटाळून ऐकतात. चौतिसाव्या वचनानंतर त्याने मागच्या बाकावरून मान वर केली, आणि उपासना संपल्यावर येऊन विचारले, “पाळकसाहेब, यात तेरह आहे. हा तोच का, पलीकडचा?”

आम्ही म्हटले, “तोच.”